मागचं झाकण

दोन मिनिटांचं काम आहे, हवालदार म्हणाले,
आणि मी डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून उठलो.
शिवडी नाक्याला माझं खोकं:
एक दिवा, एक स्टूल,
आणि न्यायला कुणी परत न आलेली
एकशे चाळीस घड्याळं.

पोरगा भिंतीला पाठ लावून उभा.
नाव ग्लेन, हे मला कागदावर कळलं.
दुसरा पंच रसवंतीवाला शिवमूर्ती.
त्याची ही अकरावी सही.
कागद यायच्या आधीच
त्याची बोटं पेन धरल्यासारखी.

फौजदार म्हणाले,
"झडती घ्यायचीय. मोठ्या साहेबांना बोलवू,
की इथंच उरकू?"
पोरगा म्हणाला, "उरका."
उजव्या खिशातून पुडी निघाली.
निघाली. ते मी नाकारणार नाही.
भुरकट, बिस्किटाच्या कागदात.

पंचनामा सुरू नऊ दहाला, संपला दहा पाचला,
असं लिहिलंय.
साडेनऊला मी खोक्यात परत होतो.
चालू असलेली सगळी घड्याळं तेच सांगत होती,
आणि ती आपापसात सहसा सहमत होत नाहीत.
लाखेचा वास मला आला नाही.
तरी सही माझीच आहे. वळणदार.

तीन वर्षांनी समन्स. फोर्टचं सेशन्स कोर्ट.
पिंजऱ्यात ग्लेन, दाढी आलेला.
टेबलावर मुद्देमालाचं पाकीट,
त्यावर लाल लाख, इतकी नीटनेटकी
की मला माझ्याच आठवणीचा संशय आला.

आरोपीच्या वकील गोठोसकर बाई. आवाज मऊ.
पुडीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.
विचारलं एवढंच:
"मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुला हक्क आहे,
असं कुणी त्याला सांगितलं?"
"साहेबांना बोलवू का, असं विचारलं."
"हक्क हा शब्द?"
सरकारी वकील उठले, म्हणाले, अर्थ तोच.
न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.
टायपिस्टचे हात कीबोर्डवर थांबले.

चिमट्यातून उडालेला स्क्रू शोधतात तसा
मी तो शब्द शोधला,
पाय न हलवता, तळव्याने फरशी चाचपत.
त्या रात्रीच्या सगळ्या कोपऱ्यांत.
नव्हता.

"नाही," म्हणालो.

आमच्या धंद्यात हे असं असतं:
घड्याळ आलं की आधी मागचं झाकण बघायचं.
किल्लीने उघडलेलं, की सुरीने?
सुरीचा ओरखडा असेल
तर आतलं यंत्र कितीही खरं असो,
कंपनी हात लावत नाही.
लोक भांडतात. काटे तर फिरतायत ना, म्हणतात.
मी ओरखडा दाखवतो.

ग्लेन सुटला.
निकालात माझं नाव दोनदा आहे,
एकदा आडनाव चुकलेलं.
खिशात काय होतं, हा नंतरचा प्रश्न,
हात खिशात गेला कसा, हा आधीचा,
असं काहीसं लिहिलंय, माझ्या समजुतीप्रमाणे.

आमच्या चाळीतल्या सुलभाताईंनी बोलणं टाकलं.
त्यांचा धाकटा अशाच पुडीने गेला,
जिन्याखाली, पहाटे, चपला घातलेल्या.
"तुमच्या एका नाहीने सुटला तो,"
एवढं म्हणून त्या नळावर गेल्या.
माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.
त्या धाकट्याचं घड्याळ एकशे चाळिसांत आहे,
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

परवा तेच हवालदार आले.
घड्याळ मागे पडतंय, म्हणाले.
पालथं करून दिव्याखाली धरलं,
किल्ली लावली, आणि कसं कोण जाणे,
तीस वर्षांत गिऱ्हाइकाला कधी विचारलं नव्हतं ते
तोंडून निघालं:
"उघडू?"
ते हसले. "विचारतोस काय? उरक."

मी किल्ली तशीच धरून ठेवली.
"नाही म्हणता येतं तुम्हाला," म्हणालो.